गॅरेजमध्ये टिअरड्रॉप ट्रेलर: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

टिअरड्रॉप म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा, झोपण्यापुरता छोटा ट्रेलर. माझा मी मिशिगनमधल्या घराच्या गॅरेजमध्ये बांधला आणि त्यानंतर ओळखीच्या तीन घरांत मदतीला गेलो. चारही ठिकाणी सुतारकाम चांगलं झालं. घोटाळा झाला तो क्रमाचा. भिंती उभ्या राहिल्यावर वजन आठवलं, छत बंद झाल्यावर वायर आठवली, रंग लागल्यावर पाणी कुठून झिरपतंय ते कळलं. एका मित्राला तर पंख्याची वायर टाकायची राहिली म्हणून दोन आठवड्यांपूर्वी चिकटवलेलं छत कापावं लागलं. करवत चालू असताना मी शेजारी उभा होतो. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. एखादा टप्पा आवडीचा नसला तरी तो ओलांडून पुढे जाऊ नका.

ट्रेलर ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब धरला आहे. आत दोघं झोपतील, मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. नियम अमेरिकेतले आहेत. भारतातल्या वाचकांनी आधी आरटीओत चौकशी करावी आणि मगच लाकडाला हात लावावा.

## १. आधी गाडी, मग लाकूड

गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येईल ते छापलेलं असतं. २०२१ पासूनच्या टोयोटा सिएनाला ३,५०० पौंड, २०२५ पर्यंतच्या टोयोटा रॅव्ह४ हायब्रिडला १,७५०, पेट्रोलवरच्या होंडा सीआर-व्हीला १,५००. एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि वर्षाप्रमाणे आकडा बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा चालत नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत 'ट्रेलर ओढू नये' असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर विषय तिथेच संपतो.

गाडी, हिच (गाडीमागचा जोड), बॉल (हिचवरचा लोखंडी गोळा), कपलर (त्या गोळ्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड), एक्सल (चाकांचा आस), टायर या प्रत्येकावर स्वतःची मर्यादा लिहिलेली असते. त्यातली सर्वांत लहान तीच तुमची मर्यादा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकरही वाचा. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते त्यावर असतं, आणि ट्रेलरचा दांडा गाडीवर जितका भार टाकतो तोही त्यातच धरायचा असतो. हे बहुतेकांना माहीत नसतं.

सावधान: बॉलचे दोन आकार सर्रास मिळतात, १⅞ इंच आणि २ इंच. २ इंची कपलर १⅞ इंचाच्या बॉलवर बसतो, खिटीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून सुटतो. दोन्हींवर कोरलेला आकडा डोळ्यांनी वाचून घ्या.

## २. वजनाचा कागद

या टप्प्यावर एक संध्याकाळ घालवा. चौकटींची वही घ्या, ट्रेलर बाजूने काढा, एक्सलची रेघ मारा आणि प्रत्येक वस्तू जिथे असेल तिथे तिचं वजन लिहा. माझा हिशेब पौंडांत असा होता: सांगाडा आणि चाकं २७०, तळाचं ¾ इंची प्लायवूड ६५, दोन भिंती १००, छत ११०, मागचं झाकण ५५, दारं ४०, कपाटं आणि ओटा ७०, गादी ३०, पंखा आणि वायरिंग १५, बॅटरी २८. रिकामा ट्रेलर ७८३ पौंड झाला. वर सामान १९७ पौंड, एकूण ९८०.

एकूण आकडा मर्यादेत बसला की लोक वही मिटतात. खरी अडचण पुढे असते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर, म्हणजे इथे ज्याला टंग म्हणतात त्यावर, आलाच पाहिजे. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते हे आपल्याला गावाकडून ठाऊक आहे. ट्रेलरचंही तेच. फक्त तो ताशी ६० मैलांवर उलाळतो, आणि मग शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावतो.

टिअरड्रॉपचं स्वयंपाकघर एक्सलच्या मागे, आणि आपल्या स्वयंपाकाचं सामान जड. कुकर, बिडाचा तवा, तांदूळ, पिठाचा डबा, कूलर, वर पाणी. मिशिगन सरोवराकाठच्या लडिंग्टनच्या पहिल्या सहलीला हे सगळं मी मागे भरलं. यूएस-३१ महामार्गावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर झुलायला लागला. मी ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि तो हळूहळू शांत झाला. मागच्या सीटवर मुलगी होती. परत आल्यावर दांड्यावरचा भार मोजला तर ६० पौंड, म्हणजे जेमतेम ६ टक्के.

उपाय साधा निघाला. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंड, पाच गॅलनचा कॅन ४२ पौंड. तो एक्सलच्या ३ फूट मागे होता, आणि कपलर एक्सलच्या ८ फूट पुढे. मागे असताना तो दांड्यावरून सुमारे १६ पौंड उचलत होता. दांड्यावरच्या पेटीत, एक्सलच्या ६ फूट पुढे नेल्यावर त्याने ३१ पौंड भर टाकली. एक कॅन हलवला आणि ६० चे १०७ झाले, म्हणजे ११ टक्के. हा गुणाकार-भागाकार तुम्ही कागदावरच करा.

तपासा: सुट्या भागांच्या तयार किटमधून जोडलेल्या सांगाड्यावर एक्सलची जागा ठरलेली असते. दांड्यावर भार कमी पडत असेल तर खोली पुढे सरकवा, दांडा लांब घ्या किंवा बॅटरी पुढच्या पेटीत न्या. भिंती चढल्यावर यातलं फारसं काही करता येत नाही.

## ३. गॅरेजची तयारी

दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण ७ फूट, म्हणजे ८४ इंच उंच असतं. सांगाड्याची उंची २२ इंच, भिंत ४८, छताची जाडी २ आणि पंख्याचं टोपण ५ धरलं तर ७७ इंच होतात. बसतं. पण दार पूर्ण उघडल्यावर त्याची खालची कड आणि ओपनरचा दांडा किती खाली राहतात ते टेपने मोजा, चौकटीची उंची धरू नका.

गॅरेजची फरशी सपाट नसते. पाणी बाहेर जावं म्हणून तिला दाराकडे उतार दिलेला असतो. पाणसळ लावून भिंती उभ्या केल्या तर त्या तळाला काटकोनात राहत नाहीत. या कामात गुण्या खरा माना आणि पाणसळ बाजूला ठेवा.

थंडीत काम करणार असाल तर गोंदाच्या बाटलीवरचं तापमान वाचा. टाइटबाँड २ ला किमान ५५ अंश फॅरनहाइट लागतं, टाइटबाँड ३ ला ४७. हवा तापवून भागत नाही, लाकूडही तेवढं कोमट झालेलं हवं. म्हणून आदल्या रात्री फळ्या घरात आणून ठेवा.

सावधान: गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याची ज्योत लक्षात ठेवा. सॉल्व्हंटवाले रंग आणि चिकटद्रव्यं बंद दाराआड वापरू नका.

## ४. सांगाडा जोडा, नोंदणी करा, आणि रिकामाच चालवा

माझं सगळ्यांत ठाम मत या टप्प्याबद्दल आहे, आणि लोक नेमका हाच गाळतात. लाकडाची एकही फळी चढवण्याआधी सांगाडा रस्त्यावर शंभर मैल चालला पाहिजे.

जोडणी. सगळे बोल्ट आधी सैल लावा. मग दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आल्यावरच पाना फिरवा. नायलॉनवाले लॉकनट एकदा काढले की पुन्हा वापरू नका. घडी होणारं किट असेल तर घडीचे भाग सोडून द्या आणि सांगाडा कायमचा बोल्टने आवळा.

बेअरिंग. किटमधल्या बेअरिंगला बऱ्याचदा फक्त गंज धरू नये इतपत तेल असतं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहा, वरच्या रोलर्समधून ग्रीस डोकावलं की ते भरलं. नट हाताने आवळा, चाक फिरवून पाहा, किंचित मागे घ्या, मग नवी कॉटर पिन.

दिवे. चारपदरी प्लगचे रंग ठरलेले आहेत: पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावीकडचा ब्रेक-सिग्नल, हिरवी उजवीकडचा. बिघाड बहुतेक वेळा पांढऱ्या वायरीत असतो. ती रंगवलेल्या लोखंडावर स्क्रूने दाबून सोडतात, आणि दोन पावसांत दिवे मिणमिणतात. पांढरी वायर प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र न्या, सांगाड्याच्या भरवशावर राहू नका. गाडीचे सिग्नल वेगळे पिवळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो.

नोंदणी. मिशिगनमध्ये २,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला टायटल, म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र, लागत नाही, कायमची नंबरप्लेट मिळते. तुमच्या राज्यात वेगळं असू शकतं. कुठेही राहत असा, किटसोबत आलेलं उत्पादकाचं मूळ प्रमाणपत्र आणि प्रत्येक पावती एका पाकिटात जपा. सांगाडा उघडा असताना काम सरळ होतं. त्यावर घर उभं राहिलं की कागद आणि वस्तू जुळत नाहीत.

मग एक्सलच्या किंचित पुढे वाळूच्या पिशव्या, सगळ्या मिळून दोनशे पौंड, बांधा, नाहीतर हलका सांगाडा उड्या मारतो. साखळ्या दांड्याखालून फुलीच्या आकारात लावा, कपलर सुटलाच तर दांडा त्यांच्यावर पडेल, रस्त्यावर नाही.

तपासा: वीस मैलांनंतर थांबून चाकाच्या हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नसेल तर बेअरिंग कोरडं आहे किंवा नट जास्त आवळला आहे. चाकाचे नट ५० मैलांनी टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

## ५. तळ

¾ इंची बाहेरच्या दर्जाचं प्लायवूड घ्या. खालची बाजू आणि चारही कडा पाया-गिलाव्याला वापरतात त्या डांबरी लेपाने किंवा इपॉक्सीने बंद करा, कडांना तीन हात द्या. प्लायवूड पाणी पितं ते कडेने. बोल्टची भोकंही आधी पाडून आतून लेपा. लेप पूर्ण सुकला की मगच फळी उलटून सांगाड्यावर बसवा.

## ६. भिंती

आकार आधी ¼ इंची हार्डबोर्डवर काढा आणि तो कापून भिंतीला टेकवून दोन दिवस येता-जाता पाहा. आत खुर्ची ठेवून बसा, गादीची जाडी धरून डोकं कुठे येतं ते बघा. मग तो साचा म्हणून वापरा. दोन्ही फळ्या एकत्र आवळा, जिगसॉने रेघेबाहेर थोडं ठेवून कापा, राउटरने (लाकडाच्या कडा तासायच्या यंत्राने) साच्याबरोबर आणा. वेगवेगळ्या कापलेल्या भिंतींत पाव इंचाचा फरक राहतो. तो छताला पीळ देतो आणि मागच्या झाकणाला कधीच नीट मिटू देत नाही.

दाराचा तुकडा कापताना तो तसाच अखंड निघेल असं बघा. तोच दार होतो. भिंत उभी करण्यापूर्वी आतल्या बाजूला व्हार्निश करून टाका. आडव्या फळीवर ते ओघळत नाही, आणि नंतर चार फुटी बोगद्यात वाकून ब्रश मारावा लागत नाही.

## ७. छत उघडं असताना आतलं सगळं

आता ट्रेलरला वरून उभ्याने हात पोचतो. ही सोय पुन्हा मिळणार नाही. मधली आडभिंत, कपाटं, ओट्याचे आधार आत्ताच बसवा. स्वयंपाकाच्या बाजूला ओट्यामागे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा लॅमिनेट लावा. फोडणीचं हळदीचं तेल उघड्या बर्चच्या लाकडावर उडालं की तो डाग पॉलिशपेपरनेही जात नाही. माझ्या ट्रेलरवर लडिंग्टनच्या पोह्यांचा अजून आहे.

नंतर आतल्या छताची ⅛ इंची फळी. वरचे रेषे आडवे, म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे जातील अशी धरा, तशी ती सहज वाकते. पुढच्या तीव्र वळणासाठी गरम पाण्याने भिजवून पट्ट्याने आवळा आणि रात्रभर सोडा. कोरडी झाल्यावरच गोंद. तिच्यावर भिंत ते भिंत लाकडी पट्ट्या, साधारण फूटभर अंतराने. पंख्यासाठी १४¼ इंची चौकोन लागतो, त्याची चौकट याच वेळी पट्ट्यांत बांधून घ्या.

आणि आता वायरी. पंखा, आतले दिवे, ओट्यावरचा दिवा, बाजूचे मार्कर, नंबरप्लेटचा दिवा. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-अवर देते. पंखा ३ अँपिअरवर रात्रीचे ८ तास चालला तरी २४ अँपिअर-अवरच जातात. तिला गोठणबिंदूखाली चार्ज मात्र करू नका, त्याने ती कायमची खराब होते. हिवाळ्यात काढून घरात ठेवा.

तपासा: बॅटरी जोडून प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा लावून पाहा. मग पट्ट्यांवर मोजायचा टेप उलगडून ठेवा आणि फोटो काढा. वर्षभराने छतात स्क्रू मारायचा असेल तेव्हा वायर कुठे आहे ते या फोटोतच दिसेल. हे झाल्याशिवाय पट्ट्यांमध्ये उष्णतारोधक फोम भरू नका.

## ८. बाहेरचं छत

फोमचे तुकडे पट्ट्यांमध्ये घट्ट बसवा, वर बाहेरची फळी, आणि तिच्यावर पत्रा. जमेल तितका पुढून मागे अखंड पत्रा घ्या. जोड द्यावाच लागला तर कौलासारखा द्या: वरचा पत्रा खालच्यावर चढलेला, आणि मध्ये ब्युटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी.

अ‍ॅल्युमिनियम लाकडाला चिकटवू नका. उन्हात ते पसरतं, आणि चिकटवलं तर जागोजागी फुगवटे येतात. कडेच्या पट्ट्यांनी त्याला धरून ठेवायचं, हलायला जागा द्यायची.

## ९. मागचं झाकण

इथे बहुतेकांचं काम अडतं. वाकवलेलं प्लायवूड बांधणीतून सुटलं की थोडं उलगडतंच. बाकावर बनवलेलं झाकण ट्रेलरवर ठेवलं तर खालची कड दोन बोटं उघडी राहते, आणि ते कितीही दाबलं तरी परत येतं.

फासळ्या भिंतीच्याच साच्यावरून कापा, वरच्या फळीची जाडी वजा करून आणि खालच्या टोकाला वळण किंचित जास्त देऊन. दोन्ही बाजूंना ⅛ इंच फट सोडा. मग ट्रेलरवर प्लास्टिक अंथरा आणि त्यावरच, जागच्या जागी, आतली फळी, फासळ्या आणि बाहेरची फळी गोंदाने जोडून पट्ट्यांनी आवळा. दोन्ही फळ्या एकाच बांधणीत चिकटल्या की तो एक ताठ खोका होतो आणि फारसा उलगडत नाही. थंडीत दोन दिवस तसाच ठेवा. वरच्या कडेला हरिकेन हिंज वापरा, तिच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि पाणी बाहेरच्या बाहेर जातं. झाकणाचे गॅसवाले दांडे सर्वांत शेवटी, झाकणाचं खरं वजन करून मागवा.

सावधान: शेगडी उघड्या झाकणाच्या थेट खाली ठेवू नका. सरकत्या फळीवर बाहेर ओढा किंवा बाजूच्या टेबलावर मांडा. ट्रेलरच्या आत तर कधीच पेटवू नका, थंडीतही नाही. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

## १०. रंग, दारं, कडा, पंखा

आधी रंग, मग कडेच्या पट्ट्या. उलट केलं तर पट्टीखालचं लाकूड कोरडंच राहतं आणि ओल तिथूनच शिरते. प्रत्येक पट्टीखाली, पंख्याच्या कॉलरखाली, प्रत्येक दिव्याखाली ब्युटिल टेप. स्क्रू स्टेनलेसचे, आणि ते एकदम आवळू नका. थोडे आवळा, तासाभराने पुन्हा. ब्युटिल हळूहळू पसरतं आणि कडेने बाहेर येतं, ते सुरीने कापून टाका.

सिलिकॉन वापरू नका. ते पुढे सुटतं, आणि जिथे एकदा लागलं तिथे नंतर दुसरं सिलिकॉनही धड धरत नाही, रंगही बसत नाही. मित्राच्या ट्रेलरवरचं जुनं सिलिकॉन खरवडण्यात आमचा अख्खा रविवार गेला.

## ११. पाण्याची परीक्षा

गादी ठेवण्याआधी एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. आतल्या सगळ्या सांध्यांवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावा. दुसऱ्याने बागेचा पाइप घेऊन खालून सुरुवात करायची, एका उंचीवर पाच मिनिटं, मग वर. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि भोक सापडत नाही. माझ्याकडे पाणी पंख्याजवळ दिसलं होतं, पण खरी गळती पुढच्या मार्कर दिव्याच्या स्क्रूतून होती. पाणी पट्टीच्या कडेने तीन फूट चालत आलं होतं.

## १२. काटा आणि पहिली सहल

सामान भरून, पाणी भरून, जसे निघणार तसेच ट्रकच्या काट्यावर जा. मग घरी दांड्यावरचा भार मोजा: ट्रेलर सपाट जागी, चाकांना अडणी, कपलरखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली बाथरूमचा वजनकाटा. दांडा गाडीला लावल्यावर असतो त्याच उंचीवर हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. १० ते १५ टक्क्यांत नसेल तर सामान हलवा आणि पुन्हा मोजा.

टायरच्या बाजूला कोरलेल्या मर्यादेइतकी हवा थंड टायरमध्ये भरा. टायरवरच कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. किट नवं असलं तरी टायर जुना असू शकतो. टायरची वेगमर्यादा बऱ्याचदा ताशी ६५ मैल असते.

पहिली रात्र घराजवळच्या कॅम्पग्राउंडवर काढा. पंखा मंद चालू, खिडकी बोटभर उघडी. सकाळी गादी उचलून खालची फळी हाताने चाचपा. दोघांच्या श्वासाची वाफ थंड फळीवर जाऊन पाणी होते आणि गादीखाली अडकते. ओल लागली तर गादीखाली जाळीदार चटई घाला, आणि घरी आल्यावर गादी उभी करून, दारं उघडी ठेवून ट्रेलर दिवसभर सुकवा.